नारिंगी दिवा लागतोय ना?

सकाळी ७.१०

"दादा, मॉनिटर गेला."

दुकानाचं शटर वर करायच्या आधीच फोन. कर्जतच्या तहसील कचेरीजवळ दाखले काढून देणारं केंद्र आहे, तिथली ताई बोलतेय. जुलैचा पहिला सोमवार. प्रवेशांचे दिवस. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल. बाहेर छत्र्यांची रांग लागली असणार. मी तिला तीनच प्रश्न विचारतो. मॉनिटरचा दिवा लागतोय का, आणि कोणत्या रंगाचा? खालच्या डब्याचा पंखा फिरतोय का? चालू करताना बीप ऐकू येते का?

"दिवा नारिंगी. पंखा फिरतोय. बीप येते, लांबलचक, थांबून थांबून."

"मग मॉनिटर गेलेला नाही, ताई. आलोच."

पिशवीत काय असतं ते सांगतो. एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय केबल, दोन्ही खात्रीच्या. मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा बारीक ब्रश, बत्ती, दोन-चार नाण्याएवढे सेल, आणि शाळेच्या दप्तरात असतं तसलं पांढरं खोडरबर. पावसाळ्यात या सगळ्यात जास्त झिजतं ते खोडरबर.

सकाळी ७.४०

रांग दरवाजाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. बहुतेक मुली, सोबत आई नाहीतर आजोबा. कशेळे, कडावकडची माणसं पहिल्या गाडीने आलेली, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. दाखला आज मिळाला नाही तर उद्या पुन्हा भाडं, पुन्हा मजुरीचा खाडा. म्हणून हात उचलताना घाई होते, आणि घाईतच चूक होते.

ताई स्क्रीनकडे बोट दाखवते. बटण दाबलं की कंपनीचं नाव येतं, मग एका चौकटीत 'पॉवर सेव्हिंग मोड', तीन-चार सेकंदांत सगळं काळं आणि दिवा नारिंगी. "हे पॉवर सेव्हिंग काढून टाका ना सेटिंगमधून," ती म्हणते. दहातले आठ जण हेच म्हणतात. पण ही सेटिंगची भानगड नसते. मॉनिटरकडे स्वतःचं चित्र नसतंच. तो केबलच्या दुसऱ्या टोकाकडे कान लावून बसलेला असतो. तिकडून काही आलं नाही की तो 'मला कोणी काही पाठवत नाहीये' एवढं सांगतो आणि वीज वाया घालवण्यापेक्षा झोपतो.

याची खात्री दहा सेकंदांत करता येते, आणि प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं. मॉनिटर चालू ठेवून केबल कॅबिनेटच्या बाजूने काढायची. मी काढतो. काळी स्क्रीन उजळते आणि 'सिग्नल केबल तपासा' अशी रंगीत चौकट पडद्यावर दिसायला लागते. म्हणजे पॅनेल ठीक, मागचा उजेड ठीक, मॉनिटरचा स्वतःचा सप्लाय ठीक. दुखणं खालच्या डब्यात आहे.

प्लग काढून पॉवरचं बटण दाबून धरतो, आत उरलेली वीज निघून जाऊ दे. झाकण उघडतो. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडवून वर घेतो. तिच्या सोनेरी दातांवर चहाच्या डागासारखी काळपट झाक आली आहे. कर्जतच्या पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, खोलीतली दमट हवा प्रत्येक जोडणीवर बसते. शनिवार-रविवार यंत्र बंद राहिलं की सोमवारी सकाळी रॅम दगा देते. दर पावसाळ्यात सोमवारचे फोन म्हणूनच जास्त. खोडरबर हलक्या हाताने एका दिशेने फिरवतो, सुक्या कपड्याने पुसतो, खाचेत ब्रश मारतो. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज यायलाच हवा. एकच टक आला तर पट्टी तिरकी बसली समजा, आणि तिरक्या पट्टीला वीज दिली तर पट्टीही जाते, बोर्डही जातो.

एक छोटी बीप. दिवा निळा. विंडोजची खिडकी.

८.०५ ला पहिल्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. मी ताईला सांगतो, यंत्र जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशीही अर्धा तास चालू करा. आतल्या उबेने ओल राहत नाही.

सकाळी ८.३०

या दुरुस्तीचे मी शंभर रुपये घेतो. जास्त का घेत नाही, असं धंद्यातले विचारतात. मी अकरावीत असताना वडिलांनी भाताचे पैसे साठवून घरी जुना संगणक आणला होता. दुसऱ्याच पावसात स्क्रीन काळी झाली, हाच नारिंगी दिवा. वडील आणि मी तो गोणपाटात गुंडाळून लोकलने मोठ्या शहरातल्या एका दुकानात घेऊन गेलो. त्यांनी झाकण न उघडता सांगितलं, मॉनिटर मेला, नवा घ्या. वडिलांनी घेतला. नवा मॉनिटर आणि तोच डबा घरी आणून जोडला, तर तसाच नारिंगी दिवा. पुढे एका शिक्षकांनी रॅम पुसून दाखवली आणि दोन्ही मॉनिटर चालू झाले. वडील काही बोलले नाहीत. त्यांचा तो चेहरा आठवला की मी अजूनही कुणाला निदानाआधी 'नवा घ्या' म्हणत नाही.

सकाळी ९.३०

खोपोलीची लोकल. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. एकेरी रूळ, दोन्ही बाजूंना लावणीला आलेली खाचरं. खिडकीशी बसून मला नेहमी त्या नारिंगी दिव्याचा जन्म आठवतो.

जुने, पाठीमागे पोट असलेले काचेचे मॉनिटर सत्तर-ऐंशी वॉट सहज ओढायचे, मोठे असतील तर शंभराच्या पुढे. कचेऱ्यांमध्ये ते रात्रभर कुणी न बघता जळत राहत. १९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू केली, ती सर्वांत आधी संगणक आणि मॉनिटरसाठी. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'व्हेसा' या संस्थेने मॉनिटरला झोपवायची सर्वांना लागू पडेल अशी पद्धत ठरवून दिली. ती इतकी साधी आहे की मला तिचं कौतुक वाटतं. चित्रासोबत संगणक दोन ठोके पाठवतो, एक आडव्या ओळींचा, एक उभ्या फेरीचा. दोन्ही येत असले की मॉनिटर जागा. एकच आला तर डुलकी. कोणता थांबला त्यावरून डुलकी हलकी की गाढ ते ठरतं. दोन्ही थांबले की पूर्ण झोप. वेगळी तार नको, वेगळं यंत्र नको. मात्र मॉनिटरला हे कळत नाही की ठोके मुद्दाम थांबवलेत की संगणकच आत बेशुद्ध पडलाय. आमचं अर्धं काम या एका गोष्टीतून येतं.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमध्ये असे वेगळे ठोके नसतात. तिथे एक पिन फक्त 'पलीकडे मॉनिटर जोडलेला आहे' एवढंच सांगायला असते. ही पिन पुढच्या कामात येणार आहे.

सकाळी १०.१५

खोपोलीतली एक पतसंस्था, आठ संगणक. कॅशियरबाईंचं यंत्र नवं आहे, डिस्प्लेपोर्टवर जोडलेलं. दहा मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन झोपते आणि माऊस हलवला तरी उठत नाही. मग बाई कॅबिनेटचं बटण दाबून धरून बंद करतात आणि पुन्हा चालू करतात. आठवड्यात दोनदा असं करताना किर्द उघडी होती, नोंदी अर्धवट राहिल्या, पिग्मीचा मेळ लागेना. मॅनेजरसाहेब वैतागलेले. आधी आलेल्या माणसाने बाकीच्या सातही यंत्रांवर 'स्क्रीन कधीच बंद करू नको' असं करून टाकलंय, त्यातल्या तिघांवर रंगीत मासे पोहतायत.

मी बाईंना म्हणतो, झोपू द्या त्याला, मी बघत बसतो. झोपला. आता कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघायचं. दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे संगणक जागा आहे, फक्त चित्र येत नाही. दिवा हलला नसता तर संगणकच झोपेत अडकलाय असं समजलं असतं आणि शोध वेगळ्या दिशेने गेला असता. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम. एक टूक असा आवाज आणि चित्र हजर. या चार बटणांनी चित्राचा ड्रायव्हर तेवढा नव्याने सुरू होतो, उघड्या कामाला धक्का लागत नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. हे त्यांनी कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवलं.

पण ही तात्पुरती फुंकर झाली. कारण दोन ठिकाणी सापडलं. ड्रायव्हर विंडोजने आपोआप टाकलेला, सर्वसाधारण. तो काढून यंत्राच्या कंपनीचा नेमका ड्रायव्हर घातला. दुसरं, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप' चालू होतं. काही मॉनिटर गाढ झोपले की ती 'मी जोडलेला आहे' सांगणारी पिनही सोडून देतात. संगणकाला वाटतं केबलच उपटली. ते बंद केलं. तीन वेळा झोपवून तीन वेळा उठवलं. नीट.

मग सात यंत्रांकडे वळलो. साहेब म्हणाले, "ती राहू द्या, चालतायत ना." मी त्यांना हिशोब मांडून दाखवला. आजचा एक मॉनिटर वीस वॉट धरा. सात मॉनिटर, संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ असे सोळा तास. दिवसाला सव्वादोन युनिटं, महिन्याला साधारण सदुसष्ट, तीही रिकाम्या खोलीत. झोपलेला मॉनिटर अर्ध्या वॉटच्या आसपासच खातो. आणि पोहणारे मासे वीज वाचवत नाहीत. ते काचेच्या जुन्या पडद्यावर एकच चित्र कोरलं जाऊ नये म्हणून निघाले होते. तिन्ही ठिकाणचे मासे काढले आणि सातही ठिकाणी सेटिंग बदललं. स्क्रीन दहा मिनिटांनी झोपेल, पण संगणक कामाच्या वेळात झोपणार नाही, नाहीतर सर्व्हरची जोडणी तुटते. स्क्रीनची झोप आणि संगणकाची झोप ही सेटिंगमध्ये दोन वेगळी खाती आहेत. ती एकच समजली की गोंधळ होतो.

बाहेर पडलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि घाटाच्या अंगावर टाटांच्या वीजघराचे नळ दिसत होते. १९१५ साली या खोपोलीतून मुंबईच्या गिरण्यांना वीज जायला लागली. लोणावळा, वळवण, शिरवत्याचं पाणी पाचशे मीटर खाली आणून ती केली गेली. १९२२ मध्ये आमच्या कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला दुसरं वीजघर आलं. मुंबईच्या गिरण्यांना पाण्यातून केलेली वीज पुरवणाऱ्या गावात रिकाम्या खोलीत दिवे जळू नयेत, असं मला वाटतं आणि मी ते ग्राहकाला सांगतो.

दुपारी १२.४५

शेअर रिक्षाने सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर. केबिन पत्र्याची, काट्याला चिकटून. काट्यावरचा पोऱ्या हुशार आहे. "दादा, रिकामी गाडी आली तर काही नाही. भरलेला ट्रेलर चढला की हा झोपतो. मग मी पावती कशी काढू?"

आधी आलेल्या दोघांपैकी एकाने मॉनिटर बदलून पाहिला. दुसऱ्याने केबलचं टोक दाखवून सांगितलं होतं, बघा, एक पिन तुटली आहे. मी टोक बघितलं. व्हीजीएच्या पंधरा जागांपैकी मधल्या रांगेतली नववी रिकामी. ती बऱ्याच केबलींमध्ये मुळातच नसते आणि तिच्यावाचून चित्राचं काही अडत नाही. त्या रिकाम्या जागेच्या नावावर किती केबली विकल्या गेल्या असतील!

मी मल्टिमीटर लावून बसलो आणि गाडीची वाट पाहिली. पहिला संशय व्होल्टेजवर होता. शेजारी कॉम्प्रेसर आहे. भरलेला ट्रेलर चढला, स्क्रीन झोपली, मीटरचा आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या ट्रेलरला मी बोट केबलच्या टोकावर ठेवलं. चाकं काट्यावर आली तशी सगळी केबिन थरारली आणि टोक माझ्या बोटाखाली हललं. केबलच्या दोन्ही बाजूंचे आवळायचे स्क्रू मॉनिटरच्या बाजूला लावलेले, कॅबिनेटच्या बाजूला कुणी लावलेच नव्हते. रोजच्या हादऱ्यांनी टोक केसभर बाहेर आलं होतं. ठोका तुटला की मॉनिटर झोपतो. त्याचं काम तो बरोबर करत होता.

दोन स्क्रू. चार आटे. वर केबल टेबलाच्या पायाला पट्टीने बांधली, म्हणजे वजन टोकावर येणार नाही. तिसरा ट्रेलर, चौथा ट्रेलर, पडदा जागा. या कामाचं श्रेय मी त्या पोऱ्याला देतो. 'कधी झोपतो' हे त्याने नीट पाहिलं होतं, आणि एवढं सांगणारा ग्राहक मिळाला की अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

दुपारी २.३०

खोपोली स्टेशन, गाडीला वेळ आहे. डबा उघडला. भाकरी, सुकटीची चटणी.

दुपारी ३.४५

दुकानात, टेबलावर एकोणीस इंची जुना मॉनिटर. नेरळच्या भंगारवाल्याकडून आणला आहे. चालू केला की दोन सेकंद सुंदर चित्र येतं आणि जातं, पण दिवा निळाच राहतो. हे झोपणं वेगळं. खोलीतला दिवा मालवून बत्ती तिरकी धरून पडद्यावर मारतो. खाली चित्र अंधुक दिसतं. म्हणजे सिग्नल आहे, मागचा उजेड तेवढा विझतो आहे.

उघडल्यावर सप्लायच्या पट्टीवर तीन कॅपॅसिटर फुगलेले, डोकी भाकरीसारखी वर आलेली. ते बदलायचे तर मूळच्याइतक्याच क्षमतेचे, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, आणि १०५ अंश सोसणारे. तिन्ही मिळून वडापावच्या दोन प्लेटींची किंमतही होत नाही. हे काम घरी करू नका, हे मात्र बजावून सांगतो. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ तिथेच राहतात. हे कॅपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. रात्रंदिवस जागा ठेवलेला मॉनिटर लवकर मरतो तो असा. झोपेने त्याचं आयुष्य वाढतं.

संध्याकाळी ४.३०

पेज नदीकाठच्या एका आश्रमशाळेतून बाईंचा फोन. पाचही मॉनिटर एकदम 'नो सिग्नल'. सुट्टीत रंगकाम झालं, सगळं हलवलं होतं. पाचही एकदम जात नाहीत, म्हणून मी विचारलं, केबल निळ्या टोकाची आहे का? हो. मग मॉनिटरच्या खालच्या बटणांत 'सोर्स' किंवा 'इनपुट' शोधा. तिकडे पोरांचा गलका ऐकू येतोय. कुणीतरी पुसताना बटण दाबलं होतं, मॉनिटर एचडीएमआयच्या दारात वाट बघत बसले होते आणि पाहुणा व्हीजीएच्या दारात उभा. सातवीतल्या एका मुलीने पहिला लावला, मग तिनेच बाकीचे चार लावले. बाई म्हणाल्या, दोन टेबलं अजून रिकामीच आहेत, यंत्रं आहेत पण मॉनिटर नाहीत.

संध्याकाळी ६.४५

स्टेशनपलीकडे राहणारे काका रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेत. बोरघाटाच्या १:३७ च्या चढावर गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिनं त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. पुण्याच्या मुलाने संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं आणि तो गेल्यावर काकांनी साफसफाई करून केबल परत लावली. तेव्हापासून नारिंगी दिवा.

मागे वाकून बघितलं. केबल वरच्या, बोर्डाच्या तोंडात. कार्डाची तोंडं खाली, आडवी. कार्ड बसवलं की बऱ्याच बोर्डांत वरचं तोंड मुकं होतं. केबल खाली लावली, चित्र आलं. काकू चहा घेऊन आल्या.

मी काकांना मॉनिटर सिग्नलची वाट बघत असतो वगैरे सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "अरे, ते मला नको सांगू. लाल सिग्नलला उभी असलेली गाडी बिघडलेली नसते. पॅसेंजर उगाच ड्रायव्हरला शिव्या घालतात." उद्यापासून मी ग्राहकांना हेच वाक्य सांगणार आहे, काकांच्या नावाने.

पैसे घेतले नाहीत. केबल लावायचे पैसे मी घेत नाही.

रात्री ८.३०

टेबलावरचा एकोणीस इंची साडेतीन तास सलग चालला. आता संगणक झोपवतो. चौकट येते, पडदा काळा होतो, दिवा निळ्याचा नारिंगी. माऊस हलवून जागा करतो, लगेच उठतो. याला उद्या पुसून, दोन्ही बाजूंच्या स्क्रूंसकट केबल देऊन आश्रमशाळेत पोचवायचं आहे. म्हणजे एक टेबल भरेल. दुसरं रिकामं राहतं.

कर्जत-खालापुरात कुणाच्या माळ्यावर 'गेलेला' म्हणून ठेवलेला मॉनिटर असेल, तर भंगारात घालण्याआधी त्याला एकदा वीज द्या. कसलीही केबल न लावता नुसता चालू करा. पडद्यावर चौकट उमटली आणि दिवा नारिंगी झाला, तर तो जिवंत आहे. तुम्हाला नको असेल तर स्टेशनजवळ माझ्या दुकानात आणून द्या. शाळेत टेबल तयार आहे.